रोही आडवा आला तेव्हा अंगावर काय होतं?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय आहे, विजेचा आहे, पीकविम्याचा आहे. त्यामध्ये 'हेल्मेट आणि जनावरं' असा विषय घेऊन मी उभा राहिलो, तेव्हा मागच्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहून मिशीत हसून घेतलं, ते मला इथून दिसलं. एक जण तर म्हणालाच, "भाऊ आता आरटीओत लागले काय?" लागलो नाही. दंडाच्या पावत्या फाडणाऱ्यांची बाजू घ्यायलाही मी आलेलो नाही. माझ्या अंगावर जे बेतलं ते सांगतो, आणि त्यानंतर आठ महिने खाटेवर पडून जे वाचलं, विचारलं, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना, हरभरा घाट्यावर आलेला. त्या आठवड्यात आमच्या फीडरला वीज रात्रीची होती. रात्री बाराला मोटर सुरू करायची, साडेतीनला बारं बदलून घरी यायचं, असा क्रम. हे तुम्हाला सांगायला नको. शहरातला माणूस रात्री साडेतीनला मोटारसायकलवर असला तर लोक विचारतात, कुठून आलास. आपल्याला कोणी विचारत नाही, कारण अर्धं गाव त्याच वेळी रस्त्यावर असतं. आणि त्याच वेळी रोहीही रस्त्यावर असतो, कारण त्याचंही जेवण आपल्याच वावरात आहे.

गाडीचा वेग पन्नासच्या आसपास होता. डाव्या हाताला तूर उभी होती. तुरीतून रोही निघाला तो थेट माझ्या हँडलवर. ब्रेकला पाय लागला की नाही, आठवत नाही. आठवतं ते एवढंच की, छातीवर आणि तोंडावर कुणीतरी भरलेलं पोतं फेकून मारल्यासारखं झालं आणि मग रस्ता. बराच वेळ रस्ता.

डोक्यावर हेल्मेट होतं, बंद तोंडाचं, पट्टा लावलेला. अंगात स्वेटर आणि टेरिकॉटची पॅन्ट. पायात चप्पल. हातात काही नाही. हिशेब असा झाला: डोकं शाबूत. हनुवटीच्या जागी हेल्मेटला भेग. डाव्या बाजूच्या तीन फासळ्या मोडल्या. उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला. दोन्ही तळहातांची कातडी रस्त्यावर राहिली. टेरिकॉटची पॅन्ट मांडीवर वितळून चिकटली होती; ती जखमेतून काढताना कंपाउंडरने जे काही केलं ते मी इथे बायाबापड्यांसमोर सांगत नाही. रोही उठला आणि निघून गेला.

त्याच हंगामात आमच्या शेजारच्या गावचा एक जण रानडुकराला धडकून गेला. त्याच्याजवळही हेल्मेट होतं. डोक्यावरही होतं. पट्टा मात्र लावलेला नव्हता. हेल्मेट सापडलं पराटीत, वीस पावलांवर, आणि त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

खाटेवर पडल्या पडल्या मला एकच प्रश्न पडला. दोनशे किलोचा रोही अंगावर आला तर एक किलोचं हेल्मेट काय करणार? आणि काही करत नसेल, तर माझं डोकं वाचलं कसं?

याचं उत्तर असं की, अपघात एक नसतो, दोन असतात. पहिली धडक जनावराची. दुसरी रस्त्याची. आपण बोलताना "रोह्यानं मारलं" म्हणतो, पण बहुतेक वेळा माणसाला मारतो तो रस्ता. अमेरिकेत २००० ते २००२ या काळात नऊ राज्यांतल्या, जनावरांशी टक्कर होऊन माणसं दगावलेल्या १४७ अपघातांचे पोलीस कागद तपासले गेले. तिथे हरणंच जास्त. चारात तीन अपघात हरणांचे. त्यात मोटारसायकलवाल्यांचं बहुतेक असंच निघालं, की जनावराला धडकून माणूस गाडीवरून फेकला गेला आणि पुढचा मार त्याला रस्त्याने दिला. दगावलेल्या मोटारसायकलवाल्यांपैकी १०० मागे ६५ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. वेळ कोणती? अंधाराची, नाहीतर दिवेलागणीची आणि पहाटेची. जागा कोणती? खेड्यापाड्यांतले, वेगाचे रस्ते. आपलंच वर्णन आहे.

मोटारसायकल अपघातांचा एक गाजलेला अभ्यास लॉस एंजेलिसला झाला, १९८१ साली छापला गेला. त्यात जनावरांमुळे झालेले अपघात शंभरात एकच होते. तो आकडा दाखवून कोणी म्हणेल, एवढ्याशासाठी काय भाषण! तर लॉस एंजेलिस हे शहर आहे. तिथे तूर नाही, हरभरा नाही, रात्रीची वीज नाही.

आता थोडं गणित. आपल्या बैठकीत गणित नसलं तर चुकल्यासारखं वाटतं.

पन्नासच्या वेगाने जाणारा माणूस एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीवर आदळला, तर तो मार किती? जवळजवळ १० मीटर उंचीवरून खाली पडण्याएवढा. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. सत्तरचा वेग असेल तर १९ मीटर. वेग दीडपटही झाला नाही, उंची दुप्पट झाली. आता मोटारसायकलच्या जाकिटात खांद्याला, कोपराला, गुडघ्याला जे पॅड बसवतात, त्यांची युरोपात परीक्षा कशी घेतात ते ऐका. पाच किलोचं वजन सुमारे एक मीटरवरून पॅडवर पाडतात. पन्नास ज्यूल. आणि पन्नासच्या वेगातल्या सत्तर किलो माणसाच्या अंगात ऊर्जा असते पावणेसात हजार ज्यूल.

म्हणजे पॅड म्हणजे निव्वळ फसवणूक? मलाही आधी तसंच वाटलं. पण तसं नाही. माणूस गाडीवरून सुटला की त्याचा वेग दोन दिशांनी वाटला जातो. पुढे जायचा वेग मोठा असतो. तो घसरत, लोळत हळूहळू संपतो. खाली पडायचा वेग मात्र फक्त सीटच्या उंचीचा, मीटर-दीड मीटरचा. गाडी तीसवर असो की ऐंशीवर, जमिनीकडे पडण्याची उंची तेवढीच. पॅड बनवलंय ते या खाली पडण्यासाठी. आणि जाड कापड, कातडं बनवलंय ते त्या पुढच्या घसरण्यासाठी. हेल्मेटचंही तेच. युरोपातल्या परीक्षेत हेल्मेट ताशी २७ किलोमीटर वेगाने लोखंडावर आदळतात. ऐकायला वेग कमी वाटतो. पण डोकं रस्त्यावर पडतं ते साधारण याच्या आतल्या वेगाने, मग गाडी कितीही जोरात असो. यात एकच अट आहे: घसरत जाताना मध्ये विजेचा खांब, मोरीचा कठडा किंवा धुऱ्यावरची बाभूळ येता कामा नये. ती आली की मघाचं तिसऱ्या मजल्याचं गणित लागू होतं, आणि तिथे कोणतंही जाकीट कामाला येत नाही.

मग पहिल्या धडकेचं काय, खुद्द जनावराच्या? तिथे जनावरा-जनावरात फरक आहे, आणि हा फरक दुकानदार सांगत नाही.

रोही उंच. पूर्ण वाढलेला नर खांद्याला चार-साडेचार फूट, वजन दोनशे किलोच्या वर जातं. पायांची काठी लांब, धड वर. गाडीचं चाक त्याच्या पायात जातं आणि धड येतं आपल्या छातीवर, तोंडावर. म्हणून रोह्याच्या अपघातात छाती, जबडा आणि मान. छातीसाठी वेगळी ढाल मिळते, पण एवढ्या वजनापुढे तिच्यावर भिस्त ठेवू नका. माझ्या फासळ्या कोणत्याही जाकिटाने वाचल्या असत्या असं मला वाटत नाही. जबडा मात्र हेल्मेटच्या पुढच्या पट्टीने वाचवला. जर्मनीत हानोव्हरला अपघातातल्या हेल्मेटांवर मार कुठे बसला याची नोंद झाली, त्यात साधारण एक तृतीयांश मार हनुवटी-तोंडाच्या भागावर निघाला. अर्धं हेल्मेट, आपण ज्याला टोपी म्हणतो ते, हा भाग उघडाच ठेवतं. रोह्याच्या मुलखात अर्धं हेल्मेट घेणं म्हणजे दाराला कडी लावून खिडकी उघडी टाकणं.

रानडुक्कर बुटकं आणि भरीव. ते चाकाखाली येतं. पुढचं चाक जागेवर थांबतं, मागचं उचलतं, आणि माणूस हँडलवरून डोक्यावर जातो. डुक्कर अंगाला लागतच नाही. जे लागतं तो सगळा रस्ताच. डोकं, गळ्याखालचं हाड, मनगट. म्हणजे डुकराच्या अपघातात हेल्मेटचं काम शंभर टक्के हेल्मेटचं आहे, आणि तिथेच पट्ट्याचा प्रश्न येतो, कारण माणूस डोक्यावर पडायच्या आधी हवेत फिरलेला असतो. न बांधलेलं हेल्मेट त्या फिरण्यातच निघून जातं.

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा भागात २००८-०९ साली अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलवाल्यांचा अभ्यास झाला, २०११ साली तो छापला गेला. अपघात सगळ्या प्रकारचे, पण हा मुलूख कांगारूंचा, तेव्हा आडव्या येणाऱ्या जनावरांची त्यांना ओळख आहे. मोटारसायकलचं खास जाकीट घातलेल्यांना इस्पितळात भरती व्हावं लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी कमी निघाली. खास पॅन्ट असेल तर ५१ टक्क्यांनी. आणि हातमोजे असतील तर ५९ टक्क्यांनी! आकडे वाचून मी माझ्या तळहातांकडे पाहिलं. जो हातमोजे घालतो तो गाडीही जपून चालवत असेल, हा भाग यात थोडा आहेच. पण माणूस पडताना आधी हात टेकवतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. पायात कोणतेही बूट, मोटारसायकलचे खास नसले तरी चालतील, पण घोट्याच्या वर येणारे बूट असतील तर साध्या बुटांपेक्षा पायाची इजा निम्म्याहून कमी होते. तुलना होती ती साध्या बुटांशी. आपली तर चप्पल.

आणि हेही सांगितलं पाहिजे, की त्याच अभ्यासात खास जाकिटं, पॅन्टी, हातमोजे यांतले चारातून एकाहून जास्त अपघातात फाटले. महाग वस्तू म्हणजे टिकणारी वस्तू असं नाही. बियाण्याच्या पाकिटावरून आपण हे कधीच शिकलो आहोत.

कापडाबद्दल बोलताना मला जरा जड जातं. आपण कापूस पिकवणारे. कापसाच्या कापडाची बाजू घ्यावी असं वाटतं. पण खरं ते खरं. साधी जीन्स फिरत्या खरखरीत पट्ट्यावर घासून पाहतात, ती सेकंदभरातच भोक पडून मोकळी होते. संरक्षक कपड्यांच्या जुन्या युरोपीय मानकात जिथे मार जास्त बसतो त्या जागी कमीत कमी चार सेकंद टिकाव मागितलेला होता. चांगलं जाड कातडं ते पुरवतं. तरी कापसाच्या बाजूने एक गोष्ट उरतेच: कापूस वितळत नाही. टेरिकॉट, पॉलिस्टर घासून तापलं की पातळ होतं आणि जखमेत बसतं. तेव्हा रात्री ओलिताला जाताना दोन्हींपैकी एक निवडायचं असेल तर जाड सुती पॅन्ट घाला. ती वाचवणार नाही, पण निदान डॉक्टरचं काम सोपं करेल.

आता हेल्मेट आत कसं काम करतं ते पाहा. वरचं कवच दिसायला कडक, पण खरं काम आतल्या थर्माकोलचं. डोकं आदळलं की थर्माकोल चेपतो, आणि डोकं एका क्षणात थांबायच्या ऐवजी दोन-तीन सेंटिमीटर जागा घेऊन थांबतं. तेवढ्याच जागेत जीव आहे. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा आदळलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, वरून चांगलं दिसलं तरी. रस्त्याच्या कडेला जी हेल्मेटं विकतात त्यातली बरीचशी म्हणजे रंगवलेली प्लास्टिकची वाटी आणि आत स्पंज. अंगठ्याने आतून दाबून पाहा. स्पंजाखाली कडक थर्माकोल लागला नाही तर ती वस्तू हवालदारासाठी आहे, डोक्यासाठी नाही. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय छापाशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. तरी विकतात. बोगस बियाणंही विकतातच.

जगभरातल्या अभ्यासांचा मेळ घालून जो निष्कर्ष निघाला तो असा: हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात दुचाकीवरची ७४,८९७ माणसं रस्त्यावर मेली. त्याच अहवालात हेल्मेट नसलेले मेले ५०,०२९; त्यातले १४,३३७ मागे बसलेले.

मागे बसलेले म्हणजे कोण? तुमच्या घरात बघा. बायको, आई, शाळेतली पोरगी. बाई एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसते, मांडीवर लेकरू, हातात डबा. गाडी जनावरावर आदळली तर चालवणाऱ्याच्या हातात हँडल तरी असतं, तिच्या हातात काहीच नसतं. ती आधी फेकली जाते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मागच्यालाही हेल्मेट सांगितलेलं आहे, पण आपल्याकडे नवरा हेल्मेट घालतो आणि बाई पदर. मायबहिणींनो, यात तुमचा आवाज निघाला पाहिजे. घरात एकच हेल्मेट असेल तर दुसरं आणल्याशिवाय मागे बसू नका.

पैशाचं म्हणाल तर बंद तोंडाचं, आयएसआयचं हेल्मेट हजार-दीड हजारात येतं. २०२४-२५ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,१२१ रुपये क्विंटल. त्या भावाने वीस किलो कापूस. (हमीभाव पदरात पडला तर, हे कंसात.) माझं मत विचाराल तर क्रम असा ठेवा: आधी दोन हेल्मेटं. मग घोट्यावर येणारे बूट, बाजारातले साधे कामाचे असले तरी चालतील. मग कातड्याचे हातमोजे. जाकीट त्यानंतर, आणि तेही थंडीतल्या रात्रींसाठी. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पॅडवालं जाकीट घाला असं सांगणारा माणूस विदर्भात राहत नाही. हवेची पिशवी फुगणारी जाकिटंही निघाली आहेत. गाडीला दोरी बांधलेली असते, माणूस फेकला गेला की दोरी ओढून जाकीट फुगतं. कल्पना चांगली. पण रोही आधी छातीवर येतो आणि दोरी नंतर ओढली जाते, आणि किंमत तर आपल्या हिशेबात बसत नाही.

कोणी विचारेल, वावर तीन किलोमीटरवर, तेवढ्यासाठी हेल्मेट? मी अडीच किलोमीटरवर पडलो.

पहिल्या धडकेवर उपाय अंगावर घालायचा नाही, मुठीत धरायचा आहे. साठच्या वेगाने जाताना जनावर दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत पन्नास मीटरहून जास्त लागतात, चाळीसला साधारण तीस मीटर. तुमच्या गाडीचा दिवा खाली असताना किती लांबचं दाखवतो, ते आज रात्री पावलांनी मोजून पाहा. रोह्याचे डोळे दिव्यात चमकतात, डुकराचे चमकत नाहीत. डुकराच्या डोळ्यात तो चमकणारा पडदाच नसतो. म्हणून "काही चमकलं नाही" याचा अर्थ रस्ता मोकळा असा नाही. एक डुक्कर गेलं की मागे आणखी येतात, तेव्हा पहिलं गेल्यावर गाडी रेटू नका. आणि जनावर पुढ्यातच आलं तर हँडल फिरवू नका. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक लावा. वळवायला गेलात की गाडी आडवी होते आणि माणूस जातो बाभळीकडे, मोरीकडे.

कोणी पडलेला सापडला तर हेल्मेट ओढून काढू नका. मानेला मार असेल तर त्या ओढण्याने जन्माचं अपंगत्व येतं. काच वर करा, श्वास चालू आहे का बघा, मान हलू देऊ नका. श्वासच अडत असेल तर दोघांनी मिळून, एकाने मान धरून काढायचं. आणि जखमी डुकराजवळ जाऊ नका.

हे माझं त्या रात्रीचं हेल्मेट. मी फेकलं नाही. मागपर्यंत पाठवतो. हनुवटीजवळची भेग बघा, आणि आतलं कापड उचलून उजव्या कानाच्या वर बोट लावा. तिथे थर्माकोल अर्ध्या बोटाएवढा आत गेला आहे. पट्टा लावून पाहायचा असेल तर हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढा घट्ट करा, आणि मग कोणाला तरी मागून वर उचलायला सांगा. निघालं तर पट्टा सैल आहे. पाहून झालं की इकडे टेबलावर आणून द्या, उद्या पुढच्या तालुक्याच्या बैठकीत न्यायचं आहे.